'कै.' लावण्याची घाई

विघ्ने दूर सारणाऱ्या गजाननाला आणि अक्षराअक्षरात वास करणाऱ्या शारदेला साष्टांग नमस्कार करून हे लिहायला बसलो आहे. आज विजयादशमी. सकाळी पाटीवर सरस्वती काढली, तिच्यापुढे दोन ग्रंथ ठेवले, हळदकुंकू वाहिले. तांबड्या शाईची माझी जुनी लेखणी मात्र यंदा पूजेत ठेवण्याचा धीर झाला नाही. पत्नीने कारण विचारले नाही, कारण ते तिला ठाऊक आहे. गेल्या पौषापासून जी गोष्ट मनात कुढत राहिली आहे, ती आज देवीला साक्षी ठेवून सांगतो.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर आगाशीत मुद्रिते तपासत आलो. लग्नपत्रिका, देवळाच्या उत्सवाची निमंत्रणे, चर्चच्या सणाची स्मरणिका, दशक्रियेच्या सूचना, असे गावातले काहीही छापायचे असले की ते आधी माझ्या ओटीवर येते. ऱ्हस्वदीर्घ तर मी पाहतोच, पण माझा खरा लौकिक नावाआधीच्या अक्षरांबद्दल आहे. कोणाला श्रीमती लिहावे, कोणाला सौ., गेलेल्या माणसाला कै. म्हणावे की ख्रिस्तवासी, हे लोक मला विचारतात. या लौकिकाचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल केलेले बरे. पुढचे सारे त्या अभिमानातूनच घडले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी हस्तलिखित घेऊन आली. ती इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली. तिच्या वर्गात संस्कृत घेणारी ती एकटीच ख्रिस्ती मुलगी होती आणि विभक्ती तिला सर्वांआधी पाठ होत. पुढे ती कबड्डी खेळली, गुडघा दुखावल्यावर खेळणे सुटले, आणि आता ती जवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. मोबाइलवर पाहून पाहून तिने अमेरिकन फुटबॉल आत्मसात केला होता आणि शाळा सुटल्यावर ती तो बारा मुलींना शिकवत होती.

फुटबॉल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू आला. तिने समजावले की हा चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो हातात धरून पळायचा असतो, नाहीतर फेकायचा असतो. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकमेकांना आडवे पाडतात. तिच्या मुली मात्र कमरेला कापडी पट्ट्या लावून खेळत. पट्टी ओढली गेली की पळणारी थांबली. कोणी कोणाच्या अंगाला धक्का लावायचा नाही.

तिची अडचण वेगळीच होती. शाळेच्या व्यवस्थापनाने अट घातली होती की जानेवारीअखेर बारांपैकी किमान दहा पालकांची लेखी संमती आली तरच हा खेळ शाळेत राहील, नाहीतर मैदान पुन्हा लेझीमला दिले जाईल. पालकांना तर या खेळातले एकही नाव माहीत नव्हते. क्रिकेट खेळणारे कसे मोठे होतात हे घरोघरी ठाऊक असते, म्हणून आईबाप त्या खेळाला भीत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा तिने अमेरिकेतल्या आठ नामांकित खेळाडूंच्या कारकिर्दी मराठीत लिहिल्या. त्यांची सोळा पानांची पुस्तिका काढून ती पालकसभेत वाटायची आणि मग संमतीपत्रे मागायची, असा तिचा बेत होता.

दोन दुपारी बसून मी ते वाचले आणि ते मला मनापासून आवडले. त्यात एक चेंडू फेकणारा होता, ज्याने आपल्या संघाला पुन्हापुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मान मिळवला. एक धावणारा होता, ज्याने हंगामामागून हंगाम हजार यार्डांची मजल ओलांडली. चेंडू झेलणारा एक जण उंचीने कमी म्हणून निवडीच्या दिवशी कोणत्याच संघाने घेतला नव्हता. तो विनंती करकरून सरावाला गेला आणि अखेर झेलांचे विक्रम करून बाहेर पडला. आघाडीच्या फळीतल्या एकाची कथा मी दोनदा वाचली. त्याने सबंध कारकिर्दीत चेंडू हातात धरून एक पाऊलही टाकले नव्हते, फेकणाऱ्याच्या पुढे उभे राहून त्याला राखणे एवढेच त्याचे काम होते, आणि तरीही वर्षानुवर्षे सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्याची निवड होत राहिली. नाव दुसऱ्याचे व्हावे म्हणून आपण मध्ये उभे राहावे, हेच मुद्रितशोधकाचेही काम, असे तेव्हा माझ्या मनात आले. आज ते आठवून मान खाली जाते.

शब्दांवरून आमची थोडी थट्टाही झाली. चेंडू फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, मी क्षेपक असा शब्द सुचवला. ती हसून म्हणाली की सर, क्षेपक म्हणजे पोथीत मागाहून कोणीतरी घुसडलेला श्लोक, तो मैदानात कुठे आणता; पोरी क्वार्टरबॅकच म्हणतात. मी तो शब्द मागे घेतला. पोथीत घुसडण्याचे काम त्यानंतर दोनच दिवसांत मी स्वतः केले.

झाले ते असे. आठांपैकी एका खेळाडूच्या नावाआधी तिने कै. लिहिले होते. बचावाच्या फळीतला तो खेळाडू काही वर्षांपूर्वी वारला होता. उरलेल्या सातांच्या नावांआधी काहीच नव्हते. मुद्रित तपासणाऱ्याच्या डोळ्यांना विसंगतीइतके दुसरे काही खुपत नाही. एकाला कै. आहे आणि सातांना नाही, म्हणजे मुलगी घाईत विसरली, असे मी धरून चाललो. त्यात प्रत्येक कारकिर्दीचा शेवट साधारण सारखाच होता. संघाने त्याच्या जर्सीचा क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही असे ठरवले. त्याला हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. तिथे त्याचा कांस्याचा अर्धपुतळा बसवला. आता आपल्याकडे अर्धपुतळा कोणाचा बसतो? चौकात, ग्रंथालयात, शाळेच्या दाराशी ज्याचा पुतळा असतो, त्याला आपण पुण्यतिथीलाच हार घालतो. ज्याची जागा पुन्हा भरायची नाही असे घरचे ठरवतात, तो माणूस परत येणार नसतो. तिने कारकिर्दी लिहिल्या होत्या, निवृत्तीनंतरचे आयुष्य लिहिले नव्हते. त्यामुळे मला अडवणारे एकही वाक्य त्यात नव्हते.

नाही, एक होते. झेलांचे विक्रम करणाऱ्याबद्दल तिने लिहिले होते की सन्मानाचा सोनेरी कोट अंगावर चढवताना तो लहान मुलासारखा रडला. माझी लेखणी तिथे थांबली. दिवंगत माणूस कोट कसा चढवील आणि रडेल तरी कसा? तेव्हा मी शंका घ्यायला हवी होती, मुलीला एक फोन करायला हवा होता. मी वाक्यच सुधारले. त्याला कोट अर्पण होताना उपस्थितांचे डोळे पाणावले, असे केले. जो एकच साक्षीदार मला सावध करायला उभा होता, त्याचे तोंड मी स्वच्छ, शुद्ध मराठीत बंद केले.

मग सातही नावांआधी कै. घातले, 'तो'चा 'ते' केला, 'आहे'चे 'होते' केले. यात एका गोष्टीवर मी बराच विचार केला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. हे खेळाडू बहुधा ख्रिस्ती असणार, मग त्यांना कैलासवासी म्हणावे काय? पण प्रत्येकाचा धर्म मला ठाऊक नव्हता, आणि तिने स्वतः एकाला कै. लिहिलेच होते, शिवाय कैलासीचा राणा कोणाला दारातून परत पाठवीत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. माणसे मेल्यानंतर कोठे गेली याची मी अर्धी दुपार चिकित्सा केली. ती मेली आहेत काय, हा प्रश्न मनाला शिवला नाही.

तिने पाने घेतली आणि सरांनी पाहिले आहे म्हणजे आता मला पाहायला नको, असे म्हणून तशीच छापखान्यात दिली. माझ्यावर तिचा जो विश्वास होता, तो या एका वाक्यात मावला होता.

पालकसभा शाळेच्या सभागृहात झाली. मला मान देऊन व्यासपीठावर बसवले होते. पुस्तिका दारातच वाटल्या गेल्या होत्या. प्रास्ताविकाला उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापकांनी पहिली काही पाने चाळली आणि आवाज खाली आणून ते म्हणाले की प्रथम आपण या थोर दिवंगत खेळाडूंच्या स्मृतीला एक मिनिट उभे राहून आदरांजली वाहू. सगळे सभागृह उठले. शिक्षिका मागे मुलींच्या रांगेपाशी होती. ती गोंधळून इकडेतिकडे पाहत उभी राहिली. मी डोळे मिटले आणि त्या आठही आत्म्यांना सद्गती लाभो अशी प्रार्थना केली. सात जण तिकडे आपापल्या घरी झोपलेले असतील, असे आता मनात येते आणि हसूही येत नाही.

सगळे बसले, पण कोळीवाड्यातली एक आई उभीच राहिली.

"टीचर, मी मच्छीवाली बाई, इंग्लिस मला येत नाय. पन हे मराठीत हाय. आठ मानसं, आठांच्या नावापुढं कै. एक तरी जगला का हो ह्या खेलात?"

काही जण हसले. मग पुस्तिका उघडल्याचा आवाज सभागृहभर झाला आणि हसणे थांबले. शिक्षिकेनेही आपली पुस्तिका उघडली. एक पान पाहिले, उलटले, पुढचे पाहिले, पुन्हा मागे आली. मग तिने मान वर करून व्यासपीठाकडे, माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला सगळे कळले. मला कळले नव्हते असे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो, पण ते खोटे आहे.

"ते जिवंत आहेत," ती म्हणाली. "एक सोडून सगळे."

"मग आत्ता आम्ही उभे कशाला राहिलो?" मागून एका वडिलांनी विचारले.

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "सर, हे तुमच्या नजरेखालून गेलं होतं ना?"

सत्य बोलायला तीन शब्द पुरे होते. सबंध जन्म ज्याने उपनिषदातले सत्याचे धडे शिकवले त्याला ते सुचायला हवे होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मुद्रणात असे दोष राहून जातात."

माझ्यावरची नजर तिने काढून घेतली आणि ती पालकांकडे वळली. "चूक माझी आहे. छापण्याआधी मी वाचायला हवं होतं." हेही खरेच होते, आणि ते खरे होते म्हणूनच मला त्याच्या आडोशाला बसता आले. त्यानंतर तिने पट्ट्यांचा खेळ कसा निर्धोक आहे हे समजावले, मुलींनी प्रात्यक्षिक दाखवले, पण पालकांची नजर मैदानापेक्षा हातातल्या सोळा पानांवर अधिक होती.

त्या आठवड्यात चारच संमतीपत्रे आली. गोष्ट जूचंद्रपर्यंत गेली. तिथल्या माझ्या एका आप्तांनी फोन करून विचारले की तुमच्याकडच्या शाळेत मुलींना असा कोणता खेळ शिकवतात की जो खेळून सगळे मरतात. मी त्यांनाही काही बोललो नाही. दर गुरुवारी फुले देऊन जाणारी शिक्षिका दोन गुरुवार आली नाही. मी जप करत होतो, पण माळ हातात नुसती फिरत होती.

अखेर पत्नीने बोलून दाखवले. तिला संस्कृत येत नाही. ती भाजी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही.

"अहो, सात माणसं मारलीत ती अज्ञानानं. ते देव पोटात घालील. पण त्या पोरीला पुढं उभं केलंत ते डोळे उघडे ठेवून."

ग्रंथ छापून झाल्यावर चुका सापडल्या तर शेवटी शुद्धिपत्र जोडायची रीत आहे, तसे मी बसून तयार केले. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध, असे चार रकाने आखले. वर लिहिले की पुढील ठिकाणी कै. हे अक्षर अनवधानाने पडले आहे, ते वगळून वाचावे. स्वच्छ अक्षरात केलेली ती प्रत घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने मला खुर्ची दिली. शिक्षिकेने कागद उभ्यानेच वाचला.

"सर, ह्याच्यात कर्ता नाही."

"आहे की. अक्षर हा कर्ता, पडले हे क्रियापद."

"अक्षर स्वतःहून पडलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात मी असेच विचारत असे, तेही आवाज न चढवता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हीच सांगायचात, वाक्य कितीही लांब असो, आधी कर्ता शोधा. मी शोधते आहे."

मी तिथेच, तिच्या आईसमोर, कागद उलटा करून लिहिले की सात जिवंत माणसांच्या नावांआधी मी हे अक्षर घातले, शिक्षिकेने ते घातले नव्हते, आणि सभेत विचारले असता मी ते कबूल केले नाही. खाली सही केली. तिने तो कागद दोनदा वाचला आणि बरे केलेत किंवा असू दे असे काहीच म्हटले नाही. चप्पल घातली आणि म्हणाली की आत्ताच निघू या, नऊ दिवस उरले आहेत.

त्या नऊ दिवसांत आम्ही घरोघरी गेलो. प्रत्येक दारात मी तो कागद वाचून दाखवी. काहींना तो कळेना, काहींना वाटे की एवढ्याशा अक्षरासाठी मास्तर का आले. कोळीवाड्यातल्या त्या बाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मास्तर, तुमीच मारलंत नि तुमीच उठवलंत. आना कागद इकडं." तिने सही केली, पण तिच्या हसण्यात मी सामील होऊ शकलो नाही. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आमच्याकडे नऊ सह्या होत्या. दोन घरे ठाम नाही म्हणाली होती. उरली होती ती सर्वांत लांब चेंडू फेकणारी मुलगी, दहावीतली.

तिचे वडील सातिवलीतल्या एका कारखान्यात कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना फाटकाबाहेर भेटलो. हाताला तेल होते म्हणून त्यांनी कागद न घेता मला वाचायला सांगितला. मी वाचला.

"सर, त्या दिवशी वर बसल्याबसल्या एवढं बोलला असता, तर मी तिथल्या तिथं सही केली असती. आता उशीर झाला. तिच्या आजीनं ते पुस्तक वाचून घेतलं आणि पोरीला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, की ह्या खेळाला हात लावायचा नाही. तुम्ही शास्त्र जाणता. शपथ मोडायला सांगू का तिला? तुम्ही म्हणाल तसं करतो."

शिक्षिका माझ्याकडे पाहत होती. शपथेतून मोकळे होण्याचे उपाय ग्रंथांत आहेत, मला ते पाठही आहेत. पण माझ्या असत्यावर उभी राहिलेली शपथ मोडायची परवानगी मीच द्यावी, आणि उद्या त्या वृद्धेला काही झाले तर त्या मुलीने जन्मभर ते स्वतःवर घ्यावे, हे मला करवेना. मी म्हणालो की नका मोडू. भोंगा झाला, ते आत गेले. परतीच्या वाटेवर शिक्षिका एवढेच म्हणाली, "खरं बोललात." त्यात कौतुक नव्हते.

नऊ सह्यांवर व्यवस्थापनाने खेळ बंद केला. उरलेले वर्षभर मैदानात लेझीम झाली. ती मुलगी दहावी होऊन आता दुसरीकडे महाविद्यालयात गेली आहे, तिथे हा खेळ नाही. नवीन वर्षात शिक्षिकेने नव्या मुली जमवल्या, पुन्हा अर्ज केला, पुन्हा तीच अट मिळाली. गेल्या आठवड्यात ती ओटीवर आली आणि नवे हस्तलिखित तिने माझ्यापुढे ठेवले. सातही नावांपुढे तिने कंसात हयात असे लिहिले आहे. मी म्हणालो की याला मी हात लावणार नाही, दुसऱ्या कोणाकडून तपासून घे.

"तपासा, सर. पण मागाहून मी वाचणार आहे."

मी ते तपासले. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, तेवढीच सुधारली. येत्या शनिवारी पालकसभा आहे, तिथे सर्वांआधी मला बोलू द्यावे अशी मी तिला विनंती केली. ती म्हणाली, "बोला. पण सुभाषित नको."

तिथे काय बोलायचे ते मी वर लिहिलेच आहे; त्याहून थोडक्यात सांगेन. दहा सह्या मिळतील की नाही हे मला माहीत नाही. मिळाल्या तरी त्या लांब फेकणाऱ्या मुलीचे गेलेले वर्ष कोणत्याही शुद्धिपत्राने परत येणार नाही, आणि ते माझ्या नावावरच राहावे, हे योग्यच आहे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरातल्या लेकी मोकळ्या मैदानात निर्भय धावोत, वडीलधारी माणसे दीर्घायुषी होवोत आणि खरे बोलण्याची वेळ येईल तेव्हा त्यांची वाचा अडखळू न देवो ती शारदा. तुमच्या कुटुंबात आरोग्य, अन्न आणि परस्परविश्वास अखंड नांदो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.